यादीत असूनही: कुंदुझच्या रुग्णालयावरील हल्ला आणि युद्धाचा कायदा

३ ऑक्टोबर २०१५, पहाटेचे दोन वाजून गेले होते. उत्तर अफगाणिस्तानातल्या कुंदुझ शहरावर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकी गनशिपने, म्हणजे तोफा बसवलेल्या लष्करी विमानाने, बगराम तळावरच्या आपल्या मुख्यालयाला कळवले की आता एका इमारतीवर मारा सुरू करत आहोत. सोबत त्या जागेचे को-ऑर्डिनेट्स, म्हणजे नकाशावरचे नेमके स्थान सांगणारे आकडे, तेही दिले. ती जागा म्हणजे 'मेदसाँ सां फ्राँतिये', म्हणजेच एमएसएफ या वैद्यकीय संस्थेचे ट्रॉमा सेंटर होते. संस्थेने चारच दिवस आधी, २९ सप्टेंबरला, आपल्या रुग्णालयाचे को-ऑर्डिनेट्स अमेरिकी आणि अफगाण अधिकाऱ्यांना नव्याने कळवले होते. बगराममध्ये ते नोंदलेले होते. हल्ला करू नये अशा स्थळांची यादी, जिला लष्करात 'नो-स्ट्राइक लिस्ट' म्हणतात, तीही तिथे होती. दोन्ही आकडे कोणी ताडून पाहिले नाहीत. साधारण मिनिटभराने, २ वाजून ८ मिनिटांनी, पहिला गोळा पडला.

त्या पहाटे ४२ जणांचा जीव गेला. त्यात २४ रुग्ण, १४ कर्मचारी आणि रुग्णांची काळजी घ्यायला आलेले चार नातेवाईक होते. विमानातून २११ गोळे डागले गेले.

मी हे प्रकरण निवडले, कारण यात मूळ तथ्यांबद्दल फारसा वाद उरलेला नाही. युद्धातल्या बहुतेक हल्ल्यांच्या बाबतीत एक बाजू एक सांगते, दुसरी बाजू दुसरेच, आणि कायद्याची चर्चा तथ्यांपाशीच अडून बसते. इथे हल्ला करणाऱ्या लष्कराने स्वतः चौकशी केली, तीन हजारांहून जास्त पानांचा अहवाल तयार केला आणि काही भाग झाकून तो प्रसिद्धही केला. काय झाले ते बऱ्यापैकी कळते, म्हणून कायदा नेमका कुठे पोहोचतो आणि कुठे थांबतो तेही स्पष्ट दिसते. माझ्या वाचनातून जे हाती लागले ते असे: लष्कर नावाच्या यंत्रणेला माहीत होते, गोळे डागणाऱ्यांना माहीत नव्हते, आणि आपला फौजदारी कायदा एकाच माणसाच्या डोक्यात 'माहीत असणे' शोधत राहतो.

त्या आठवड्यातले शहर

२८ सप्टेंबरला तालिबानने कुंदुझ ताब्यात घेतले. २००१ नंतर त्यांच्या हाती पडलेले हे पहिले मोठे शहर. अफगाण फौजा मागे हटल्या, मग अमेरिकेच्या विशेष दलाच्या तुकडीसह परतल्या आणि गल्लीबोळांतून लढाई सुरू झाली. एमएसएफचे केंद्र २०११ पासून तिथे चालू होते. गोळी लागलेल्या, स्फोटात सापडलेल्या, अपघातात जबर जखमी झालेल्या माणसांवर शस्त्रक्रिया होतील असे त्या भागात ते एकच ठिकाण होते. उपचार मोफत होते. आवारात बंदूक आणायची नाही हा नियम सर्वांना सारखा होता, आणि जखमी कोणत्या बाजूचा हे विचारले जात नसे.

हल्ल्याच्या रात्री तिथे १०५ रुग्ण होते. संस्थेने नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेल्या स्वतःच्या अहवालात नोंदवले आहे की त्यांपैकी सुमारे २० तालिबानचे आणि तीन-चार सरकारी फौजेचे होते. ही नोंद त्यांनी स्वतःहून दिली, आणि पुढच्या कायदेशीर चर्चेत तिला फार महत्त्व आहे. शहरात बहुतेक ठिकाणी अंधार असताना जनरेटरमुळे हे आवार उजळलेले होते. छतावर संस्थेचे झेंडे अंथरलेले होते.

चुकांची साखळी

अफगाण फौजांना त्या रात्री राष्ट्रीय गुप्तचर खात्याची इमारत परत मिळवायची होती. ती रुग्णालयापासून काहीशे मीटरवर होती. त्यांनी हवाई मदत मागितली. अमेरिकी तुकडीचा प्रमुख पोलीस मुख्यालयात होता, तिथून त्याला ना ती इमारत दिसत होती ना रुग्णालय. त्याची तुकडी जवळपास पाच दिवस-रात्र लढत होती.

गनशिपचे उड्डाण ठरल्या वेळेपेक्षा ६९ मिनिटे आधी झाले, कारण आपली माणसे गोळीबारात सापडली आहेत असा निरोप होता. त्या घाईत चालकदलाला कामगिरीची पूर्ण माहिती मिळाली नाही. नो-स्ट्राइक लिस्ट विमानात पोहोचली नाही. वाटेत विमानाची इलेक्ट्रॉनिक संपर्क यंत्रणा बिघडली, त्यामुळे चित्रफीत पाठवणे, संदेश घेणे-देणे बंद झाले, फक्त रेडिओ उरला. पुढे आपल्यावर क्षेपणास्त्र सोडले गेले असे चालकदलाला वाटले आणि विमान नेहमीच्या कक्षेतून सुमारे आठ मैल दूर गेले. इतक्या अंतरावरून नेम धरणाऱ्या यंत्रणेची अचूकता घसरते. जमिनीवरून मिळालेले को-ऑर्डिनेट्स विमानातल्या यंत्रणेने दाखवले ते एका मोकळ्या मैदानावर, खऱ्या लक्ष्यापासून तीनशे मीटरहून जास्त अंतरावर.

मैदानावर मारा कसला करायचा? म्हणून चालकदलाने तोंडी वर्णनावरून शोध घेतला आणि जवळची सर्वांत मोठी, वर्णनाशी ढोबळमानाने जुळणारी इमारत निवडली. ते रुग्णालय होते.

मला सर्वांत जास्त खटकतो तो यानंतरचा भाग. विमान पुन्हा जवळच्या कक्षेत आले तेव्हा तेच को-ऑर्डिनेट्स आता बरोबर गुप्तचर खात्याच्या इमारतीवर जुळत होते. यंत्र खरे सांगत होते. पण चालकदलाच्या मनात पहिली इमारत पक्की बसली होती. वर्णनावर विश्वास ठेवून त्यांनी आकडे बाजूला ठेवले. शिवाय त्या आवारात त्यांना शत्रूची कसलीही हालचाल दिसली नव्हती. कोणी गोळी झाडत नव्हते, कोणी मोर्चा बांधून बसले नव्हते. हे सगळे लष्कराच्याच चौकशीत आले आहे आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचे तेव्हाचे प्रमुख जनरल जॉन कॅम्पबेल यांनी २५ नोव्हेंबर २०१५ रोजी ते जाहीरपणे सांगितले.

मारा सर्वांत आधी मुख्य इमारतीतल्या अतिदक्षता विभागावर झाला. हलता न येणारे रुग्ण खाटेवरच जळाले. बाहेर पळणाऱ्यांवरही विमानातून मारा झाला असे एमएसएफचा अहवाल सांगतो. वाचलेल्या डॉक्टरांनी आपल्याच सहकाऱ्यांवर मिळेल त्या टेबलावर शस्त्रक्रिया केल्या.

कोणता कायदा लागू होता

हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण इथेच पुष्कळ गोंधळ होतो. अमेरिका अफगाण सरकारच्या संमतीने तालिबानविरुद्ध लढत होती. म्हणजे हा दोन राष्ट्रांमधला संघर्ष नव्हता. कायद्याच्या भाषेत तो 'आंतरराष्ट्रीय नसलेला सशस्त्र संघर्ष' होता. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांमधला बहुतांश मजकूर दोन राष्ट्रांतल्या युद्धासाठी आहे. अशा संघर्षाला चारही करारांत सारखेच असलेले कलम ३ लागते, आणि ते फार थोडक्यात बोलते: जखमी आणि आजारी माणसांना गोळा करून त्यांची शुश्रूषा करावी. या करारांना पूरक असा १९७७ चा दुसरा अतिरिक्त प्रोटोकॉल रुग्णालयांना स्पष्ट संरक्षण देतो. अफगाणिस्तान २००९ मध्ये त्याचा पक्षकार झाला, पण अमेरिकेने त्यावर सही करूनही मान्यता दिलेली नाही.

मग अमेरिका मोकळी सुटते का? नाही. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ मध्ये परंपरेने बंधनकारक झालेले १६१ नियम संकलित केले. वैद्यकीय केंद्रांवर हल्ला न करणे, लक्ष्य लष्करी आहे याची खात्री करण्यासाठी शक्य ती सर्व खबरदारी घेणे, आणि लक्ष्य चुकीचे आहे असे दिसताच हल्ला थांबवणे हे नियम त्यात आहेत, आणि ते दोन्ही प्रकारच्या संघर्षांना लागू मानले जातात. या प्रकरणात तर अमेरिकी लष्करानेच मान्य केले की आपल्या काही माणसांनी सशस्त्र संघर्षाच्या कायद्याचे पालन केले नाही. त्यामुळे कायदा लागू होता का हा प्रश्न निकालात निघतो.

हल्ल्यानंतर काही अफगाण अधिकारी सांगू लागले की रुग्णालयात तालिबान होते. होतेच, खाटेवर. चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम १९ याबाबत इतके स्वच्छ आहे की ते प्रत्येक वार्ताहराने पाठ करावे. जखमी सैनिकांवर उपचार चालू आहेत, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली छोटी शस्त्रे अजून जमा करायची आहेत, एवढ्यावरून रुग्णालयाचे संरक्षण जात नाही. ते जाते फक्त तिथून शत्रूला अपायकारक कृत्ये केली गेली तर, आणि तेव्हाही आधी इशारा देऊन, वाजवी मुदत देऊन, तो इशारा धुडकावला गेल्यावरच. दुसऱ्या प्रोटोकॉलमध्येही याच धर्तीचे कलम आहे. कुंदुझमध्ये कोणताही इशारा दिला गेला नव्हता. उपचार घेणारा लढवय्या हा लढाईबाहेर गेलेला माणूस असतो. एमएसएफने २० तालिबान रुग्णांची नोंद उघड केली ती याच भरवशावर.

दुसरा एक शब्द या चर्चेत उगाच येतो: समप्रमाणता. नागरी हानी लष्करी लाभाच्या तुलनेत अवाजवी होती का, ही ती कसोटी. ती लागते तेव्हा, जेव्हा लक्ष्य मुळात लष्करी असते आणि आजूबाजूचे नागरिक सापडतात. इथे ज्या इमारतीवर नेम धरला तीच रुग्णालय होती. तराजूच्या एका पारड्यात ठेवायला लष्करी लाभ नव्हताच. म्हणून हे प्रकरण उभे राहते ते खबरदारीच्या नियमावर.

आणि खबरदारी म्हणजे 'शक्य तेवढी'. विमान कोसळायची भीती आहे, रेडिओखेरीज काही चालत नाही, जमिनीवरची माणसे धोक्यात आहेत असे सांगितले जात आहे, अशा स्थितीत चालकदलाकडून किती अपेक्षा करायची? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. पण धोका किती होता ते पाहा. तुकडीच्या प्रमुखाने हल्ल्याला मंजुरी दिली ती स्वसंरक्षणाच्या अधिकाराखाली. तालिबानविरुद्धची नाटोची लढाऊ मोहीम २०१४ अखेर संपली होती. त्यानंतर अमेरिकी हवाई हल्ल्यांना ठराविक कारणांसाठीच परवानगी होती, आणि आपल्या माणसांचे रक्षण हे त्यातले एक. पण त्या इमारतीतून त्याच्यावर कोणी गोळी झाडत नव्हते. कॅम्पबेल यांनी स्वतः म्हटले की समोर असलेल्या धोक्याच्या मानाने ही कृती योग्य नव्हती.

आधुनिक मोहिमांमध्ये ही सवय मला घातक वाटते. नियोजित हल्ल्यासाठी लक्ष्य तपासण्याची लांबलचक प्रक्रिया असते: यादी, नकाशा, कायदेशीर सल्लागार, वरिष्ठांची मंजुरी. 'स्वसंरक्षण' म्हटले की त्यातल्या बहुतेक पायऱ्या गळतात, कारण वेळ नाही असे गृहीत धरले जाते. बगराममधल्या अधिकाऱ्यांनीही को-ऑर्डिनेट्स ताडून पाहिले नाहीत, त्याचे एक कारण हेच होते की जमिनीवरच्या तुकडीला तातडीच्या संरक्षणाची गरज आहे अशी त्यांची समजूत होती. कायद्याने जिथे जास्त काळजी मागितली होती, तिथेच या एका शब्दाने ती कमी केली.

गुन्हा की चूक

अमेरिकेने पहिल्या काही दिवसांत तीन-चार वेळा खुलासा बदलला. आधी रुग्णालयाच्या जवळपास हानी झाली असावी असे सांगितले, मग अफगाण फौजांनी मागणी केली असे, आणि ६ ऑक्टोबरला कॅम्पबेल यांनी सिनेटसमोर मान्य केले की निर्णय अमेरिकी साखळीतलाच होता. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी एमएसएफच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्ष जोआन लिऊ यांना फोन करून माफी मागितली.

२९ एप्रिल २०१६ रोजी अंतिम अहवाल आला. एका जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यासह १६ जणांवर कारवाई झाली, पण सगळी प्रशासकीय: ताकीद, पदावरून हटवणे, पुन्हा प्रशिक्षण. खटला एकावरही नाही. अमेरिकी सेंट्रल कमांडचे तेव्हाचे प्रमुख जनरल जोसेफ व्होटेल यांनी सांगितले की कायद्याचे उल्लंघन झाले, पण तो युद्धगुन्हा ठरत नाही, कारण ते जाणूनबुजून केलेले नव्हते. आपण रुग्णालयावर मारा करत आहोत हे विमानातल्या कोणालाही माहीत नव्हते.

हा युक्तिवाद फेटाळून लावण्याइतका पोकळ नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोम करारही रुग्णालयावर 'हेतुपुरस्सर' हल्ला करणे हाच गुन्हा मानतो. पण युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने साराजेव्होच्या वेढ्याबाबत बोस्नियन सर्ब सेनापती स्तानिस्लाव गालिच यांच्या २००३ च्या निकालात म्हटले होते की 'जाणीवपूर्वक' या शब्दात परिणामांची पर्वा न करता वागणेही येते. साधा निष्काळजीपणा त्यात येत नाही. कुंदुझचे चालकदल या दोहोंच्या मधे कुठे बसते? यंत्राचे आकडे एका जागी, डोळ्यांना दिसणारी इमारत दुसऱ्या जागी, आणि तिथे शत्रूची हालचाल शून्य. हे सगळे समोर असताना अर्धा तास मारा चालू ठेवणे याला मी तरी साधी चूक म्हणणार नाही. न्यायालयाने काय म्हटले असते ते सांगता येत नाही, कारण प्रकरण न्यायालयासमोर गेलेच नाही.

ते जायला हवे होते, आणि त्यासाठी 'युद्धगुन्हा' हा शिक्का लागतही नव्हता. अमेरिकेच्या लष्करी न्याय संहितेत कर्तव्यात कसूर आणि हेतूविना झालेला मनुष्यवध हे गुन्हे आहेतच. युद्धगुन्हा नाही, म्हणून गुन्हाच नाही, अशी उडी अहवालाच्या सादरीकरणात मारली गेली, आणि पुष्कळ बातम्यांनीही ती तशीच उचलली.

त्याहून मोठी अडचण मात्र कोणत्याही कलमाने सुटत नाही. बगराममध्ये एकाकडे यादी होती, दुसऱ्याकडे विमानाचा रेडिओ. विमानात एकाला आकड्यांतली विसंगती दिसत होती, दुसरा वर्णन ऐकत होता. प्रत्येकाकडे तुकडा होता. सगळे तुकडे जोडले तर उत्तर स्वच्छ होते, पण जोडणे हे कोणा एकाचे काम नव्हते. फौजदारी कायदा व्यक्तीला पकडतो आणि विचारतो, तुला माहीत होते का? सोळा जण सोळा वेळा खरेपणाने 'नाही' म्हणू शकतात. राष्ट्राची जबाबदारी वेगळी असते, ती हेतूवर अवलंबून नसते. पण ती पार पाडून घेण्याची जागा कुठे आहे? मृताच्या कुटुंबाला ६,००० डॉलर आणि जखमीला ३,००० डॉलर देण्यात आले, तेही भरपाई म्हणून नव्हे तर सांत्वनाची रक्कम म्हणून.

एमएसएफने स्वतंत्र चौकशीची मागणी केली होती. १९९१ पासून अस्तित्वात असलेला आंतरराष्ट्रीय मानवतावादी तथ्यशोधन आयोग नेमका अशाच कामासाठी आहे, आणि तो तयारही होता. पण अमेरिका आणि अफगाणिस्तान या दोघांची संमती लागत होती. ती आली नाही. अफगाणिस्तान २००३ पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य आहे, त्यामुळे त्याच्या भूमीवरचे गुन्हे तिथे जाऊ शकतात. परंतु २०२१ मध्ये अभियोक्त्यांनी तालिबान आणि इस्लामिक स्टेटच्या कृत्यांनाच प्राधान्य द्यायचे ठरवले. सुरक्षा परिषदेने ३ मे २०१६ रोजी वैद्यकीय सेवेच्या संरक्षणासाठी २२८६ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला. कुंदुझसाठी त्याचा उपयोग नव्हता.

सतरा मिनिटे

चुकीची ओळख पटली, यंत्रे बिघडली, माणसे थकली होती, हे सगळे २ वाजून ८ मिनिटांपर्यंतचे स्पष्टीकरण आहे. त्यापुढचे ते स्पष्टीकरण नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा कायदेशीर कणा त्यापुढेच आहे.

नियम असा की लक्ष्य लष्करी नाही किंवा त्याला विशेष संरक्षण आहे असे 'दिसून आल्यास' हल्ला रद्द करावा वा थांबवावा. कोणाला दिसून आल्यास? नियम ते सांगत नाही. वैमानिकालाच असे म्हटले तर ज्याला सर्वांत कमी माहिती, त्याच्यावरच सारा भार पडतो. माझ्या मते याचे वाचन एकच असू शकते: हल्ला करणाऱ्या बाजूला दिसून आल्यास. फोन उचलणारा अधिकारी त्या बाजूचाच भाग असतो.

लष्कराच्या चौकशीनुसार २ वाजून २० मिनिटांनी बगराममधल्या अधिकाऱ्याला एमएसएफचा फोन आला: आमच्या रुग्णालयावर हल्ला होतो आहे. मुख्यालयाला आणि विशेष दलाच्या कमांडरला चूक उमगली तेव्हा २ वाजून ३७ मिनिटे झाली होती. तोवर विमानाने मारा थांबवला होता, पण या फोनमुळे नव्हे. मधल्या सतरा मिनिटांत ज्याला माहीत होते त्याच्यापासून ज्याला थांबवता येत होते त्याच्यापर्यंत एक वाक्य पोहोचले नाही. या सतरा मिनिटांसाठी अंधार, अंतर, वर्णन यातले काहीच कारण म्हणून चालत नाही.

संस्थेच्या नोंदीनुसार तर मारा तीन वाजेपर्यंत किंवा त्यानंतरही चालू होता. काबूलमधून त्यांनी २ वाजून १९ मिनिटांपासून लढाऊ मोहिमेनंतर सुरू झालेल्या नाटोच्या 'रिझोल्यूट सपोर्ट' या प्रशिक्षण मोहिमेशी, रेड क्रॉसशी, संयुक्त राष्ट्रांशी, अफगाण मंत्रालयाशी, वॉशिंग्टनशी पुन्हा पुन्हा संपर्क साधला. २ वाजून ५२ मिनिटांनी रिझोल्यूट सपोर्टकडून उत्तर आले की ऐकून वाईट वाटले, काय झाले ते मला अजून कळलेले नाही. २ वाजून ५६ मिनिटांनी एमएसएफने पुन्हा लिहिले: हल्ला थांबवा, मोठी जीवितहानी झाली असावी.

तीन मिनिटांनी एसएमएस आला. शक्य ते सगळे करतो, तुम्हा सर्वांसाठी प्रार्थना करतो आहे.